एका पैची चूक आणि अवधूताचे चोवीस गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी कीर्तनकार नाही की प्रवचनकार नाही. बी.कॉम. होऊन १९७९ साली बँकेत कारकून म्हणून लागलो आणि २०१६ साली कारकून म्हणूनच निवृत्त झालो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतच बहुतेक नोकरी गेली. संपादक मंडळींनी यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी काहीतरी लिहा म्हटलं तेव्हा प्रथम मी नकोच म्हणालो. अध्यात्मावर लिहिण्याचा आपला अधिकार काय? पण साठी उलटल्यावर मला एका ग्रंथाने जो धडा दिला तो सांगावा, एवढ्यासाठी हे लिहायला बसलो आहे. चूकभूल द्यावी घ्यावी, हे बँकेतल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मी सांगत असे ती गोष्ट

एकनाथ महाराजांची पैची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेले नाथ पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आले. स्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि थोर दत्तभक्त. गुरुवार हा त्यांचा दत्तसेवेचा दिवस, त्या दिवशी किल्ल्यावर कामकाज बंद असे, अशी परंपरा सांगतात. स्वामींनी नाथांकडे हिशेबाचे काम दिले. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. जुन्या हिशेबात रुपयाच्या १९२ पै होत, म्हणजे चूक केवढीशी! पण नाथ रात्रभर दिवा लावून बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. ते पाहून स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर इतका आनंद, मग संसाराची मोठी चूक सापडली तर किती आनंद होईल! पुढे स्वामींनी त्यांना शूलिभंजनच्या डोंगरावर अनुष्ठानाला पाठवले.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. कोणी सहकारी निवृत्त झाला, की निरोप समारंभात माझे भाषण ठरलेले. "आपले नाथ म्हणजे पहिले बँक क्लार्क!" असे म्हटले की टाळ्या पडायच्या. गोष्टीचा पहिला अर्धा भाग मी रंगवून सांगत असे. स्वामी काय म्हणाले ते शेवटी घाईत उरकून टाकत असे.

हिशेब जुळवण्यात माझा हात धरणारा शाखेत कोणी नव्हता, याचा मला अभिमान होता. संगणक येण्याआधी लेजरचे बॅलन्सिंग हाताने करावे लागे. फरक शोधायच्या काही युक्त्या असतात. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ चे ४५ लिहिले गेलेले असतात. फरकाला दोनाने भाग गेला तर त्याचा निम्मा आकडा शोधायचा, कारण एखादी नोंद चुकीच्या बाजूला पडली असेल, नावेऐवजी जमेला, तर फरक दुप्पट दिसतो. नवीन मुलांना मी हे शिकवत असे. नोंद नुसती राहून गेली तर फरक एकपट, पण भलत्या बाजूला गेली तर दुप्पट. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे कामी येणार आहे.

लाल रुमालातला ग्रंथ

आमच्या घरी दरवर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात श्रीगुरुचरित्राचे पारायण असते. वडिलांपासूनची पद्धत. सोवळे-ओवळे, एकभुक्त राहणे, सगळे नियम मी पाळत आलो. पण खरे सांगायचे तर वाचन तोंडाने चाले. सात दिवसांत ग्रंथ पुरा करायचा, म्हणजे टार्गेट पुरे करायचे, अशीच माझी भावना असे.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागली. मंदिर बंद, फिरायला जाणे बंद. घरात बसून किती टीव्ही बघणार? एक दिवस आमच्या मंडळींनी माळ्यावरची पेटी उतरवायला लावली. तिच्यात माझ्या सासऱ्यांचा, लाल रुमालात गुंडाळलेला जाडजूड ग्रंथ निघाला : एकनाथी भागवत. सासरे माळकरी होते, पंढरीचे नेमाचे वारकरी. ते गेल्यावर ग्रंथ आमच्याकडे आला आणि तसाच पेटीत राहिला. नाथांच्या गोष्टी मी सांगत होतो, पण नाथांनी लिहिलेली एक ओळही धडपणे वाचली नव्हती. फार तर आरत्या. आपण रोज म्हणतो ती दत्तमहाराजांची आरती नाथांचीच, हे तरी किती जणांच्या लक्षात असते?

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधावरची ही नाथांची ओवीबद्ध टीका. अध्याय ३१, ओव्या अठरा हजारांहून अधिक. आरंभ पैठणला झाला आणि शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये काशीला ग्रंथ पूर्ण झाला. मराठीत भागवत सांगितले म्हणून काशीच्या पंडितांचा आधी विरोध झाला आणि शेवटी त्याच काशीत ग्रंथाचा सन्मान झाला, अशी परंपरा आहे.

मला पहिल्या दोन पानांतच घाम फुटला. जुनी मराठी, अर्थ लागेना. मी ग्रंथ मिटून ठेवणार होतो. पण मंडळी म्हणाल्या, "अहो, मी वाचते, तुम्ही नुसते ऐका. बाबा असेच ऐकायचे." आणि काय आश्चर्य, डोळ्यांना जे अवघड वाटत होते ते कानाला सोपे वाटू लागले. मग टाळेबंदी सैल झाल्यावर सार्थ प्रत आणली. रोज पन्नास ओव्या असा नेम धरला. या हिशेबाने ग्रंथ पूर्ण व्हायला वर्षाहून थोडे अधिक लागते.

दत्तमहाराज कसे शिकले

दत्तभक्तांनी या ग्रंथातले सातवा, आठवा आणि नववा हे तीन अध्याय तरी वाचावेतच. यदुराजाला एक तरुण, निर्भय, आनंदी अवधूत भेटतो. राजा विचारतो, तुझ्यापाशी काहीच नाही, मग हा आनंद कुठून आला? अवधूत सांगतो, मी चोवीस गुरू केले. हा अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय, अशी आपल्या संप्रदायाची श्रद्धा आहे.

सातव्या अध्यायात आठ गुरू येतात : पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य आणि कपोत म्हणजे कबुतर. आठव्यात नऊ : अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा, हरीण, मासा आणि पिंगला. नवव्यात सात : कुरर पक्षी, लहान मूल, कुमारी, बाण करणारा, साप, कोळी आणि कुंभारमाशी. एकूण चोवीस. मी बेरीज करून पाहिली, सवय जात नाही!

या यादीत एकही पंडित नाही. माणसे आहेत ती कोण? एक गणिका, एक लोहारकाम करणारा, घरात भात कांडणारी एक मुलगी, मध काढणारा आणि एक अजाण मूल. ज्यांच्याकडे आपण वळूनही बघत नाही, त्यांच्यापुढे महाराज हात जोडून शिष्य म्हणून उभे आहेत.

आणि हे गुरू दूर कुठे नाहीत, आपल्या तालुक्यातच आहेत. पृथ्वी घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात शेतात राब भाजतात, पावसात चिखलणी करतात, ती जाळली तरी आणि नांगरली तरी भातच देते. माहुलीच्या डोंगराकडे बघा, पाऊस अंगावर घेऊन सगळे पाणी खाली देऊन टाकतो. सहन करणे आणि दुसऱ्यासाठी असणे हा पृथ्वीचा धडा. कुमारीची गोष्ट तर आपल्या जुन्या घरांतली वाटते. घरात वडीलधारे नाहीत, पाहुणे दारात आलेले, मुलगी आत त्यांच्यासाठी भात कांडते आहे. बांगड्यांचा आवाज होतो, गरिबी कळेल म्हणून ती लाजते आणि एकेक बांगडी काढत शेवटी हातात एकच ठेवते. दोन असल्या की आवाज, एक असली की शांत.

मध काढणाऱ्याचा धडा मला सगळ्यांत लवकर कळला, कारण तो माझ्या धंद्यातला. मधमाशी जन्मभर साठवते, स्वतः खात नाही, आणि मध दुसराच काढून नेतो. मी मंडळींना म्हटले, हे तर आमचे दावा न केलेल्या ठेवींचे खाते! बँकेत दहा वर्षे व्यवहार न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. वारसाला नंतरही मागता येते, पण घरच्यांना पासबुकच माहीत नसेल तर मागणार कोण? पोटाला चिमटा काढून साठवलेले आणि मुलांनाही न सांगितलेले पैसे मी पाहिले आहेत. वाचकांतल्या ज्येष्ठांना हात जोडून विनंती, वारसाचे नामनिर्देशन आजच तपासून घ्या. नाथही रागावणार नाहीत.

सातव्या अध्यायात नाथ एक मुद्दा फार सोपा करून सांगतात. ज्याचा गुण घेतला तो तर गुरू झालाच. पण ज्याचा दोष पाहून आपण तो टाकला, तोही गुरूच झाला. असे पाहत गेले तर सगळे जगच गुरू दिसू लागते. दिव्यावर झेप घेणारा पतंग, गाण्याला भुलणारे हरीण, गळाला लागणारा मासा हे दुसऱ्या प्रकारचे गुरू. त्यांच्यासारखे व्हायचे नाही, म्हणून त्यांना नमस्कार.

नवव्या अध्यायात बाण करणारा आला तेव्हा मी मांडीवर थाप मारली. राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी बाणाचे टोक सरळ करणाऱ्याला पत्ता नाही. म्हटले, हेच ते! नाथांनी पैची चूक शोधली ती अशीच. मंडळी वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "पण नाथ पैवर थांबले कुठे? स्वामींनी पुढची चूक शोधायला सांगितली ना? ती तुम्ही शोधलीत का कधी?" त्यांनी सहज विचारले. मी काही बोललो नाही.

भिक्षूचा हिशेब

पुढे तेविसावा अध्याय आला. अवंतीचा एक श्रीमंत पण महाकंजूष ब्राह्मण. स्वतः खाईना, कोणाला देईना. हळूहळू सगळे धन गेले, घरच्यांनी टाकले. पैशापायी माणसाला चिकटणारे पंधरा अनर्थ तिथे मोजून दिले आहेत. चोरी, हिंसा, खोटे बोलणे इथपासून सुरुवात आहे. मग तो भिक्षू होतो. लोक त्याला छळतात, तेव्हा तो मनाशी विचार करतो, माझ्या दुःखाला कारण कोण? हे लोक? देवता? देह? ग्रह? कर्म? काळ? एकेक नाव घेतो, तपासतो आणि खोडतो. शेवटी उरते एकच, आपले मन. व्हाउचरवर एकेक टिक करत जावे आणि शेवटी फरक आपल्याच अक्षरात सापडावा, तसे ते आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला १९८६ सालचा एक बाजाराचा दिवस आठवला. आजवर हे मी कोणाला सांगितलेले नाही.

मुरबाड तालुक्यातल्या एका खेडेगावी शाखेत मी होतो. त्या दिवशी रोकड खिडकीवर माझी पाळी होती. लग्नसराई, तोबा गर्दी. एका कातकरी वाडीतली म्हातारी आली होती. लेकीच्या लग्नासाठी खात्यातले चारशे रुपये काढायला. अंगठा झाला, टोकन झाले, मी पैसे दिले. दोन शंभराच्या आणि चार पन्नासाच्या नोटा द्यायच्या होत्या. ती बाजूला झाली आणि थोड्या वेळाने परत खिडकीशी आली. "साहेब, एक नोट कमी हाय."

तिला मोजता कुठे येते, असे माझ्या मनात आले. मागे रांग. डोक्यावर पाटी : रोकड खिडकीवरच मोजून घ्यावी, मागाहून तक्रार चालणार नाही. मी पाटीकडे बोट दाखवले. ती पुन्हा म्हणाली. मग मी सगळ्यांदेखत मोठ्या आवाजात बोललो, "नोट कुठं लपवलीस ते बघ आधी. रोज एक जण येतं असं." रांगेतले दोघे-तिघे हसले. ती काही बोलली नाही. पायरीवर बसून नोटा पुन्हा पुन्हा मोजत होती, ते मला खिडकीतून दिसत होते. मग उठून गेली.

संध्याकाळी रोकड मोजली तर पन्नास रुपये जादा.

शाखाधिकाऱ्यांना मी सांगितले, पन्नास जादा आहेत. कोणाचे ते मला ठाऊक होते. ते सांगितले नाही. सांगितले असते तर सकाळी काय बोललो तेही सांगावे लागले असते. रक्कम नियमाप्रमाणे सन्ड्री खात्यात जमा झाली. ज्याचे असतील तो येईल. ती कशाला येते? मी तिला येण्यासारखे ठेवलेच नव्हते. वाडी चार किलोमीटरवर होती. मी गेलो नाही. एक पैसा मी खाल्ला नाही, पुस्तक चोख जुळले, आणि पुढची तीस वर्षे मी पैची गोष्ट सांगून टाळ्या घेत राहिलो.

कधी आठवण आलीच तर मी मनाशी म्हणायचो, गर्दी होती. पाटी होती. नियम होता. तिने तिथेच मोजायला हवे होते. भिक्षूने एकेक नाव खोडले, मी एकेक नाव लिहीत गेलो होतो. माझी चूक मी तिच्या नावे टाकली होती. भलत्या बाजूला पडलेली नोंद. म्हणून फरक दुप्पट. पन्नास रुपये गेले ते एक, आणि चारचौघांत ती खोटी ठरली ते दुसरे.

दत्तजयंतीच्या चार दिवस आधी

कळले म्हणून माणूस लगेच उठतो असे नाही. मी आणखी कित्येक महिने टाळले. ग्रंथ पूर्ण झाला, तरी टाळले. शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये, दत्तजयंतीच्या चार दिवस आधी, पारायणाला बसण्यापूर्वी जाऊन येतो म्हणून निघालो. एसटीचा संप चालू होता. भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तिथून पुढे वाडीवर. भाताची झोडणी आटोपलेली, खळी मोकळी पडलेली.

खिशात पाकीट होते. निघण्यापूर्वी मी काय केले असेल? सरसकट पाच टक्क्यांनी पस्तीस वर्षांची चक्रवाढ काढली. पन्नासाचे सुमारे पावणेतीनशे होतात. माझेच मला हसू आले. पाकिटात त्याहून बरेच अधिक घातले, तरी ते फिटण्यासारखे नाही हे कळत होते.

वाडी अर्धी रिकामी होती. तरणी माणसे वीटभट्ट्यांवर गेलेली. विचारत विचारत घर सापडले. म्हातारी जाऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. तिची सून ओट्यावर बसली होती, तीही आता म्हातारीच. मी सांगितले, मी बँकेत होतो. सासूबाईंचे पन्नास रुपये माझ्या हातून कमी दिले गेले होते.

ती जरा वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "लग्नाच्या टायमाला ना? मी तवा नवीच आलते. म्हातारी बोलायची, पन्नासाची नोट माझ्याच वटीतून वाटंला पडली. दोन दिस रस्ता धुंडत होती. शेतातनं, ओढ्यातनं. मलाबी संगट न्हेली हुती."

मला ओट्याचा आधार घ्यावा लागला. मी म्हटले, "पडली नव्हती. माझ्याकडे होती. आणि मी तिला सगळ्यांदेखत खोटी म्हटलं होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "ते नाय बोलली कधी," एवढेच म्हणाली.

पन्नास रुपये हरवल्याचे म्हातारीने घरी सांगितले, कारण ते घरच्यांचे होते. अपमान सांगितला नाही. आणि साहेब म्हणतो म्हणजे चूक आपलीच, असे धरून ती दोन दिवस रस्ता शोधत फिरली. एका पैसाठी नाथ रात्रभर जागले. माझी चूक शोधायला ती दोन दिवस उन्हात हिंडली, आणि मी सहा वाजता पुस्तक मिटून घरी गेलो होतो.

सुनेने पाकीट घेतले. नको वगैरे म्हणाली नाही, ते मला बरे वाटले. "नातवंडांच्या वह्या-पुस्तकांना व्हतील," म्हणाली. कोरा चहा दिला. निघताना मी वाकलो, तर ती दोन पावले मागे सरली. "आवो साहेब, काय करताव!"

पंचविसावा गुरू

चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत म्हणतो, हा माझा देहही माझा गुरूच आहे, विवेक आणि वैराग्य त्यानेच शिकवले. गुडघे धरले की हे आपल्या वयात पटते. माझ्या यादीत मी आणखी एक नाव घातले आहे. ते इथे छापायचे नाही. रोज आरतीनंतर मनात घेतो.

नाथचरित्रात सांगतात की, दत्तमहाराज एकदा मलंगाच्या वेशात आले आणि नाथांनाही प्रथम ओळख पटली नाही. जनार्दनस्वामींना पटली. आपण मंदिरात मूर्तीपुढे रांग लावतो, आणि महाराज कोणत्या रांगेत उभे असतात कोण जाणे. माझ्या खिडकीसमोर रोज रांग असे. उन्हात पडलेले परके पोर कडेवर घेणारे नाथ मला गोष्टीत आवडत होते. त्यांचे लिहिलेले वाचले असते, तर खिडकीवर बसतानाच ते आठवले असते.

वाडीहून परत येताना नाणेघाटाचा डोंगर समोर दिसत होता. भाच्याला म्हटले, सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच घाटाने जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दगडी रांजण अजून आहे. तो म्हणाला, "मामा, म्हणजे पैठण तसं लांब नाही आपल्याला." खरेच लांब नव्हते. ग्रंथ माझ्याच माळ्यावर होता.

म्हणून वाचकांना एवढेच सुचवतो. श्रीगुरुचरित्राचे पारायण सोडू नका. पण वर्षभरात एकदा तरी एकनाथी भागवताचे सात, आठ, नऊ आणि तेवीस हे अध्याय सावकाश वाचा. सार्थ प्रत घ्या. घाई करू नका. शक्य असेल तर एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे, म्हणजे मध्येच कोणीतरी प्रश्न विचारते. मी माझ्यासाठी एक वहीही केली आहे. डाव्या बाजूला त्या दिवशी कोणाकडून काय शिकलो ते, आणि उजव्या बाजूला माझी कोणती चूक मी दुसऱ्याच्या नावे टाकली ते. बहुतेक दिवशी उजवी बाजूच भरते. पण सापडली की बरे वाटते. नाथांनी टाळी का वाजवली, ते आता थोडे थोडे समजू लागले आहे.

आणि ज्यांची म्हातारी अजून आहे त्यांनी माझ्यासारखी पस्तीस वर्षे थांबू नये.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥